नावाचे मोल, हातांचे मोल

पैसा कोठे गुंतवावा हा प्रश्न सामान्यतः हिशोबाचा मानला जातो. भांडवल किती, व्याज किती, नफा किती, एवढे पाहिले की माणूस निर्णयाला मोकळा होतो. किराणा मालाच्या किंवा कापडाच्या दुकानापुरते हे बहुतांशी खरेही आहे. तेथे भांडवल म्हणजे माल. तो खपला नाही तर फळीवर पडून राहतो. त्याला भूक लागत नाही, त्याला घरभाडे द्यावे लागत नाही. परंतु काही धंदे असे असतात की त्यांत विकायचा सगळा माल म्हणजे दुसऱ्या माणसाचे हात, त्याचे गुडघे, त्याचा दिवस. अशा धंद्यात पैसे घालताना हिशोबाची वही पुरी पडत नाही. वहीतल्या प्रत्येक आकड्यामागे कोण उभे आहे, हे आधी विचारावे लागते.

असा एक प्रश्न गेले काही महिने आमच्या घरात मुक्कामाला आहे. आमचे घर बीड जिल्ह्यातील नेकनूरचे. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, आठवडी बाजाराचे हे गाव. आमची शेती कोरडवाहू. पाऊस झाला तर सोयाबीन आणि तूर, न झाला तर नुसती नांगरट. घरातील थोरला पुतण्या आठ वर्षांपूर्वी पुण्याला गेला. तो मोटार चालवतो. त्याची पत्नी, आमची सूनबाई, वाकडच्या बाजूला चार घरी धुणे-भांडी आणि फरशी पुसण्याचे काम करते. आता एका कंपनीने पुतण्यापुढे प्रस्ताव ठेवला आहे. घरांची साफसफाई करून देणाऱ्या या कंपनीची फ्रँचायझी घ्यायची, म्हणजे कंपनीचे नाव, गणवेश, यंत्रे आणि कामाची पद्धत घेऊन पुण्याच्या एका उपनगरात धंदा चालवायचा. त्यासाठी सुमारे आठ लाख रुपये लागतात. तेवढे आमच्यापाशी नाहीत. जमीन तारण ठेवली तर कर्ज मिळू शकते. जमीन सामाईक असल्यामुळे निर्णयही सामाईक आहे.

हा धंदा नेकनूरला का नाही, असे कोणी विचारील. आमच्या गावात पैसे देऊन घर झाडून घेण्याची कल्पनाच कोणाला सुचत नाही. सडा-सारवण, झाडलोट, भांडी हे सारे घरातल्या बाया दिवस उगवायच्या आत उरकतात, आणि त्याला कोणी काम म्हणत नाही. पुण्याच्या इमारतीत तेच हात तेच काम करतात तेव्हा त्याला दर लागतो. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. ज्या कामाला घरी मोल नाही, त्याला बाहेर मोल मिळाले तरी ते कमीच मिळते. कारण घेणाऱ्याच्या मनात ते काम अजूनही फुकटच असते.

प्रथम फ्रँचायझी या प्रकाराला न्याय दिला पाहिजे. तो काही लबाडीचा व्यवहार नव्हे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत २००१ नंतर एमएस-सीआयटीची संगणक केंद्रे निघाली, ती याच्याच जवळपासच्या तत्त्वावर: अभ्यासक्रम आणि नाव एका मध्यवर्ती संस्थेचे, जागा आणि जोखीम स्थानिक माणसाची. आज हमरस्त्यावर ठिकठिकाणी अमृततुल्य चहाची एकाच नावाची दुकाने दिसतात, तीही बरीचशी अशीच. ज्याला धंद्याचा वारसा नाही, बाजाराची ओळख नाही, त्याला तयार वाट मिळते. दुसऱ्याने केलेल्या चुका त्याला नव्याने कराव्या लागत नाहीत. शेतकऱ्याच्या मुलाला हे आकर्षण वाटावे यात नवल नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जोखीम घेतली गेली ती आभाळाच्या भरवशावर. येथे निदान छापील करार तरी आहे, असे पुतण्या म्हणतो, आणि त्याचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही.

मग या करारात आपण नेमके काय विकत घेतो? झाडू, बादली, पोछा, व्हॅक्यूमचे यंत्र, फरशीचे रसायन ही सारी बाजारात मिळतात. स्वयंपाकघराची चिमणी कशी उघडावी, न्हाणीघराच्या फरशीवरचे क्षाराचे डाग कसे काढावेत, संगमरवरावर आम्ल का वापरू नये, ही विद्या शिकायला काही आठवडे पुरतात. सूनबाईला त्यातले निम्मेअधिक आजच येते. तेव्हा आठ लाखांतील मोठा वाटा जातो तो नावापोटी. नाव म्हणजे विश्वास. शहरातील गृहिणी किंवा वृद्ध जोडपे अनोळखी माणसाला दार उघडते, कपाटे आणि देवघर असलेल्या घरात एकटे सोडते, ते त्या नावाच्या भरवशावर.

येथे आमच्या विचाराला पहिली ठेच लागली. हा विश्वास निर्माण कोण करते? जाहिरात त्याची सुरुवात करते, पण तो टिकवते कोण? उशीखाली विसरलेली अंगठी टेबलावर आणून ठेवणारी बाई. काचेचे भांडे फुटले तर लपवून न ठेवता सांगणारी बाई. सांगितलेल्या वेळी, पावसात, दोन बस बदलून दारात उभी राहणारी बाई. तिच्या प्रामाणिकपणाचे थेंब साठून ते नाव भरते; पण त्या नावावर तिचा हक्क नाही. ती काम सोडून गेली तर तिचा चांगुलपणा कंपनीच्या खात्यात जमा राहतो आणि ती रिकाम्या हाताने दुसऱ्या दारी जाते. आपण आठ लाखांना जे विकत घेणार, ते अशा अनेक अनाम बायांनी फुकट दिलेले आहे. हे कायद्याने गैर नाही, परंतु ज्याला ते कळले त्याच्यावर काही ऋण येते, असे आम्हांस वाटते.

दुसरी बाब सत्याची. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याने करार होण्यापूर्वी किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात जुने खटले, चालू आणि बंद पडलेल्या केंद्रांची संख्या, एकूण खर्च हे सारे लिहावे लागते. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांच्या आधारावरच हे व्यवहार चालतात. कराराच्या मुदतीत तोच धंदा स्वतंत्रपणे किंवा प्रतिस्पर्ध्यासाठी करू नये, ही अट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली गुजरातमधील एका शीतपेय कंपनीच्या प्रकरणात वैध मानली आहे. म्हणजे सही केल्यावर, करार चालू असेतोवर, सूनबाईला तिच्या जुन्या चार घरी स्वतःच्या नावाने जाणेही कदाचित बंद होईल. ज्या देशात विकणाऱ्यावर सांगण्याचे बंधन नाही, तेथे घेणाऱ्यावर विचारण्याचे बंधन येते. शुभवर्तमानातील बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आपण पुष्कळदा आध्यात्मिक अर्थाने ऐकतो. त्याचा साधा अर्थही तितकाच मोलाचा आहे: पाया घालण्यापूर्वी बसून खर्च मोजणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे, ते माणसाचे कर्तव्य आहे.

म्हणून आम्ही बसून मोजले. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. ते कोणा एका कंपनीचे नाहीत, पण व्यवहाराचा आकार त्यांतून दिसतो. समजा, महिन्याला दीड लाख रुपये जमा झाले. कंपनीचे स्वामित्वशुल्क ८ टक्के आणि जाहिरातनिधी २ टक्के, म्हणजे १५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७,७००. पाच बायांचा पगार प्रत्येकी १३,००० प्रमाणे ६५,०००. ये-जा १२,०००. रसायने, पोछे, यंत्रांची दुरुस्ती १२,०००. जागेचे भाडे, वीज, फोन १५,०००. आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांत १२ टक्के व्याजाने फेडायचे तर हप्ता सुमारे १७,८००. बेरीज १,३९,५००. पुतण्याच्या हाती राहतात १०,५०० रुपये. तो आज मोटार चालवून याहून अधिक मिळवतो. पण धंदा वाढेल, ही आशा आहेच.

आता मे महिना घ्या. सुट्टीत लोक गावी जातात, कामे कमी होतात. जमा १,२०,००० वर आली. कंपनीचा वाटा जमेवर असल्यामुळे तो थोडा घटेल, १४,१६० होईल. रसायने आणि प्रवास मिळून ४,८०० वाचले असे धरू. तरीही खर्च १,३१,१६० होतो, आणि ११,१६० रुपयांची तूट येते. ही तूट कोठून भरायची? कंपनीचा टक्का जमेवर आहे. आपल्याला नफा झाला की तोटा, याच्याशी तिला कर्तव्य नाही. बँकेचा हप्ता थांबत नाही. घरमालक भाडे सोडत नाही. या संपूर्ण यादीत वाकवता येण्याजोगी एकच ओळ उरते, ती पाच बायांच्या पगाराची. कोणाचे दोन दिवस कापायचे, कोणाला ‘या महिन्यात येऊ नको’ म्हणायचे, कोणाकडून सात घरांऐवजी नऊ घरे करून घ्यायची. हे करणारा माणूस दुष्ट असण्याची गरज नाही. तो आमच्या पुतण्यासारखा कनवाळू असला तरी पुरे. कराराची रचनाच त्याचा हात त्या ओळीकडे नेईल.

बीड जिल्ह्यातील माणसाला ही रचना ओळखीची वाटली पाहिजे. दसरा सरला की आमच्याकडची गावे निम्मी रिकामी होतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जायचे, आणि टनाटनाने ती उचल फेडायची. एक दिवस चुकला तर खाडा. या खाड्याच्या धाकाने दुखणे अंगावर काढणे आले, आणि त्याहून भयंकर गोष्टीही आल्या. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जिल्ह्याच्या पाहणीचे जे आकडे आले, त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एखाद्या व्यवस्थेत तोटा सर्वांत शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, याचे उत्तर आमच्या जिल्ह्याने स्त्रियांच्या शरीरांवर वाचलेले आहे.

आणि मुकादम? तो गावातलाच असतो. बहुधा तोही कधी काळी कोयता घेऊन गेलेला असतो. कारखान्याकडून त्याने पैसे उचललेले असतात, त्याच्याही डोक्यावर टांगती तलवार असते. वरून येणारा दाब तो खाली पोचवतो. फ्रँचायझीत पैशाची दिशा तेवढी उलटी आहे: मजूर उचल घेऊन बांधला जातो, फ्रँचायझीवाला उचल देऊन बांधला जातो. परंतु मधली जागा तीच. ज्या पुतण्याच्या आईवडिलांनी फडावर पाचटाच्या खोपीत हिवाळे काढले, तो आठ लाख देऊन मुकादमाची जागा विकत घेतो आहे काय, हा आमच्या घरातला खरा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल की ऊसतोडीशी तुलना करणे हा अतिरेक झाला. पुण्याची बाई रात्री आपल्या खोलीत परतते, तिची मुले शाळेत जातात, उचलीचे ओझे तिच्यावर नसते. हे मान्य केले पाहिजे. किंबहुना याहून पुढे जाऊन असेही म्हटले पाहिजे की एकट्या घरमालकिणीपेक्षा चांगली चाललेली संस्था बाईला पुष्कळ काही देऊ शकते. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. आजारपणाची सुट्टी मिळावी, पगारवाढ मिळावी, माणसासारखे वागवावे, अशा साध्या गोष्टींसाठी त्यांना रस्त्यावर यावे लागले. कारण प्रत्येकीचा मालक वेगळा, प्रत्येक दार बंद. सिस्टर जीन डेव्होस या बेल्जियममधून आलेल्या धर्मभगिनीने १९८५ साली घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली, तीही या बंद दारांआडची माणसे मोजली जावीत म्हणून. पुढे महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण तो अद्याप अनुसमर्थित केलेला नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मात्र घरकामगार स्त्रीचा आणि ज्या घरात ती राबते त्या घराचा स्पष्ट समावेश आहे.

हे सारे असूनही एकट्या बाईपर्यंत फार थोडे पोचते. या ठिकाणी एखादी संस्था तिला हातमोजे देऊ शकते, आम्लाच्या वाफेने छाती जळू नये म्हणून मुखपट्टी देऊ शकते, अपघाताचा विमा, ठरलेले तास, भरपगारी सुट्टी आणि हातात पगाराची चिठ्ठी देऊ शकते. इमारतीच्या उद्वाहनात तिला चढू दिले नाही, किंवा ज्या घराचे शौचालय ती घासते तेथे तिला ते वापरू दिले नाही, तर तिच्या वतीने कोणी बोलणारे असू शकते. आपल्या समाजात सफाईचे काम जातीला आणि बाईला चिकटलेले आहे. गणवेश घातल्याने ते चिकटलेपण सुटत नाही. तथापि जो धंदा चालवतो त्याने स्वतः पोछा हातात घेतला, आणि गिऱ्हाईकाने नियम मोडला तर ते गिऱ्हाईक सोडण्याची तयारी ठेवली, तर थोडे सुटते. प्रतिष्ठा शब्दांत राहत नाही. पाण्याचा पेला कोणत्या भांड्यातून दिला, यात ती असते.

तेव्हा धंदा वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यातून येणाऱ्या रुपयाची वाटणी कोणत्या क्रमाने होते, यावर आमचा सारा कटाक्ष आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ या विश्वपत्रात जे मांडले, त्याचे सार असे की मजुराने मान्य केले एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही; दोघांच्या संमतीहून जुना असा एक निसर्गसिद्ध न्याय आहे, आणि काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचे पोट त्या मजुरीत भरले पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झरचेन्स’मध्ये भांडवलापेक्षा श्रमाला अग्रस्थान दिले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव धारण केले, त्यामागेही त्या जुन्या विश्वपत्राची आठवण होती. ही पत्रे कारखान्यांच्या मालकांसाठी आहेत, आपल्यासारख्यांसाठी नव्हेत, अशी आपली एक सोयीची समजूत असते. पण पाच बायांना पगार देणारा माणूस त्या पाच जणींपुरता कारखानदारच असतो.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील एक तपशील या संदर्भात आमच्या ध्यानात आला. मालकाने शेवटच्या तासाला आलेल्यांना पूर्ण दिवसाचे वेतन दिले, हे आपण सारेच जाणतो. पण त्याने वाटप सुरू केले तेच त्यांच्यापासून. जे सर्वांत दुबळे, ज्यांना दिवसभर कोणी कामावर घेतले नव्हते, त्यांचा हात पहिल्याने भरला. शिवाय त्याचे औदार्य त्याच्या स्वतःच्या खिशातून आले. पहाटेपासून राबलेल्यांचा एक पैसाही त्याने त्यासाठी कापला नाही. आमच्या वरच्या हिशोबात क्रम नेमका उलटा आहे. तेथे पहिला हात कंपनीचा, दुसरा बँकेचा, तिसरा घरमालकाचा, आणि शेवटचा बाईचा. औदार्य दाखवायचे ठरवले तरी ते दाखवायला खिसाच उरत नाही. चांगले वागण्याची इच्छा असणे पुरेसे नसते. चांगले वागता येईल असा करार करणे हीदेखील नैतिक जबाबदारी आहे. सही करण्यापूर्वी माणूस जितका स्वतंत्र असतो तितका तो नंतर कधीच नसतो, म्हणून विवेकाची खरी वेळ सहीच्या आधीची.

‘आपण नाही घेतली तर दुसरा कोणी घेईल, बायांची स्थिती तीच राहील, संधी मात्र आपली जाईल,’ असा एक युक्तिवाद घरात झाला. तो ऐकायला बळकट आहे. परंतु त्याच युक्तिवादाने जगातला प्रत्येक मुकादम स्वतःचे समाधान करून घेत आला आहे. दुसरा काय करील याचे उत्तर दुसरा देईल. आपल्याला जाब विचारला जाईल तो आपल्या वहीचा. दुसरा युक्तिवाद याहून गंभीर होता. पुतण्या म्हणाला, ‘काका, गरिबानेच का एवढा विचार करायचा? ज्यांच्याकडे पिढीजात पैसा आहे त्यांनी असल्या प्रश्नांवर रात्री जागून काढल्याचे मी पाहिले नाही.’ यावर सोपे उत्तर नाही. गरिबाच्या विवेकावर जास्तीचे ओझे टाकून श्रीमंताला मोकळे सोडणे हाही अन्यायच आहे. आम्ही एवढेच म्हणू शकलो की, आपल्याला हा प्रश्न पडतो कारण आपण तो फड पाहिलेला आहे. ज्याने पाहिला नाही त्याला तो पडत नाही. पाहिलेले न पाहिल्यासारखे करणे आता आपल्या हाती राहिलेले नाही.

मग दुसरी वाट कोणती? महाराष्ट्राला ती अपरिचित नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जतचे नाव झाले, आणि पापड लाटणाऱ्या भगिनी त्या संस्थेच्या भागीदार राहिल्या. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली स्थापन झाली. २००८ साली तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि दारोदारचा कचरा गोळा करणारे हात संस्थेचे सभासद झाले. या दोन्ही ठिकाणी नाव आहे, शिस्त आहे, शिक्षण आहे. फरक एवढाच की नावाचे धनी आणि हातांचे धनी एकच आहेत. अशा संस्था चालवणे सोपे नसते. बैठका लांबतात, रुसवेफुगवे होतात, वाढ सावकाश होते, पालिकेशी आणि बँकेशी झगडावे लागते. सहकाराच्या नावाखाली महाराष्ट्राने काय काय पाहिले, हेही आपल्याला ठाऊक आहे. तरीही मे महिन्यात तूट आली, तर ती कशी वाटून घ्यायची हे त्या बाया स्वतः ठरवतात. पगार कापलाच तर तो आपल्या हाताने आपला कापला जातो, आणि वही सर्वांपुढे उघडी असते.

या साऱ्या चर्चेत ज्या व्यक्तीला आम्ही सर्वांत उशिरा विचारले, तिनेच सर्वांत नेमके सांगितले. सूनबाई म्हणाली, ‘माझ्या चार घरांच्या किल्ल्या माझ्यापाशी असतात. त्या बायांनी मला नाव बघून किल्ली दिली नाही, सहा वर्षं बघून दिली. मग आठ लाखांचं नाव कशाला?’ तिच्या ओळखीच्या आणखी तीन बाया आहेत; एक केजकडची, दोन परभणीच्या. चौघींनी मिळून महिनाभर आधी ठरवून मोठी साफसफाई घ्यावी, पुतण्याने मोटार आणि हिशोब सांभाळावा, एक यंत्र जुन्या बाजारातून घ्यावे, असा तिचा बेत. त्याला आठ लाख लागत नाहीत, पन्नास हजारांत भागते. तेवढे तर मुद्रा योजनेच्या शिशु गटातही तारणावाचून मिळू शकतात.

आम्ही निर्णय केला तो असा. या वर्षी जमीन तारण ठेवायची नाही आणि करारावर सही करायची नाही. चौघींच्या नावाने काम सुरू करायचे. जमेतून पहिला हात बायांचा, दुसरा सामानाचा, तिसरा कर्जाचा, आणि उरेल तो पुतण्याचा. तोटा आला तर आधी त्याने सोसायचा. वही दर महिन्याला चौघींपुढे वाचायची. वर्षाअखेर असे दिसले की मोठ्या नावावाचून शहरात दारे उघडत नाहीत, तर फ्रँचायझीचा विचार पुन्हा करू. पण तेव्हा कंपनीला विचारायचे प्रश्न लिहून ठेवले आहेत: गेल्या पाच वर्षांत किती केंद्रे बंद पडली, त्या माणसांशी आम्हांला बोलता येईल काय, टक्का जमेवर का आणि नफ्यावर का नाही, करार संपल्यावर गिऱ्हाईक कोणाचे, आणि बायांचा किमान पगार करारात लिहून द्याल काय. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जी कंपनी लेखी देईल, तिचे नाव कदाचित आठ लाखांच्या लायकीचे असेल.

पुतण्या या निर्णयाने पूर्णपणे समाधानी नाही. त्याच्या उपनगरातील जागा दुसरा कोणी घेईल, हे त्याला दिसते आहे, आणि ते होण्याचा संभव आहे. त्याची ही हानी आम्ही लहान मानत नाही. विवेकाने घेतलेल्या निर्णयाची किंमत मोजावी लागत नाही असे मानणे हाच एक भ्रम आहे. किंमत पडतेच, फक्त ती कोणी द्यायची एवढे आपण ठरवू शकतो. या खेपेला ती घरात बसून निर्णय घेणाऱ्यांनी दिली आहे. मे महिन्यात काम कमी होईल तेव्हा तीन परक्या बायांच्या घरी चूल कशी पेटली, हे विचारायला आम्हांस संकोच वाटणार नाही, इतके मात्र खरे.